अकरा मुलींची मॅट्रिक

शाळेतले किस्से कोणी जपून ठेवत नाही, तरी ते साचतात. खडूच्या भुकटीसारखे. पदर कितीही झटका, घरी आपल्यासोबत येतातच!

पन्नासच्या दशकात मी कारंज्याच्या कन्याशाळेत गणित शिकवायची. एका वर्षी मॅट्रिकच्या वर्गात उण्यापुऱ्या अकरा मुली. पण एकाच वर्षात इतकं काही घडलं, की मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, शेवटी म्हणाल्या, "ही बॅच पास होऊन एकदाची बाहेर पडू दे. मी सत्यनारायण घालते!"

*

गंगूबाई आमची शिपाईण. मुलींनी एकटं शाळेत यायची तेव्हा पद्धत नव्हती, म्हणून सकाळी घरोघर जाऊन ती मुली गोळा करून आणायची. तिला लिहिता-वाचता येत नसे. एक मुलगी घराबाहेर पडली, की सुतळीला एक गाठ. शाळेत आल्यावर मी मुली मोजायची आणि ती गाठी.

एक दिवस मुली अकरा, गाठी बारा!

"अगं, चुकून दोनदा मारली असशील."

"नाही वं बाई. बारावी देवळापाशी भेटली. निळ्या परकराची. शाळेच्या दारातून आत जाताना पाह्यली म्या. नाव इचारलं तं म्हने, 'नाव बाई लावतील.'"

त्या दिवशी मी हजेरीपट उघडलाच नाही.

*

विमल रिठदची. मामाकडे राहून शिकायची. वाशीमच्या स्पर्धेत ती अनवाणी धावली आणि पहिली आली. पहिली म्हणजे अशी, की दुसरी मुलगी वीस पावलं मागे!

मी तिची पाठ थोपटली. "काय गं, इतकी कशी पळालीस?"

"बाई, माह्या मागं कोनीतरी येऊन राह्यलं व्हतं. अगदी पाठीशी. श्वास लागे मानेले."

"वेडी! तुझ्या मागे कोणीच नव्हतं. मी पाहत होते ना."

"मी बी मागं वळून पाह्यलं, बाई. कोनी नव्हतं. म्हनून तं पळाली!"

*

जुबेदा रंगाऱ्याची मुलगी. बोटांत जादू. शिवणाच्या प्रदर्शनात तिनं भरतकामाचा रुमाल मांडला होता. त्यावर एक विहीर, काठावर चिंचेची दोन झाडं, आणि मधलीच एक पायरी तुटकी.

पाहायला वऱ्हाडाबाहेरून एक इन्स्पेक्टरीणबाई आल्या होत्या. सगळ्या टेबलांवरून झरझर गेल्या आणि या रुमालापाशी थांबल्या. "कुठली विहीर ही?"

"पता नहीं जी. मन में आयी."

बाई ओणवून पाहत राहिल्या. मग हळूच मला म्हणाल्या, "माझ्या माहेरची आहे हो. हुबेहूब!" आणि जुबेदाला, जरा हसायचा प्रयत्न करत, "सगळं काढलंस. काठावरची बादली तेवढी विसरलीस."

जुबेदानं नवलानं वर पाहिलं. "वो तो गिर गयी ना जी. आपके हाथ से."

पहिला नंबर तिलाच मिळाला. इन्स्पेक्टरीणबाई मात्र चहाला थांबल्या नाहीत.

*

एक किस्सा माझ्यावरच गुदरलेला.

सराव परीक्षेत मी आई आणि मुलीच्या वयाचं गणित घातलं. अकराही जणींचं उत्तर चुकलं. चुकलं ते चुकलं, सगळ्यांचं एकच! मुलीचं वय चौदा यायला हवं, तर प्रत्येकीचं नऊ.

कॉपी! मी संतापले. एकेकीला वेगळ्या खोलीत बसवून पुन्हा सोडवायला लावलं. नऊ, नऊ, नऊ.

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्हीच फळ्यावर सोडवून दाखवा."

मी खडू घेतला. एकेक पायरी मोठ्यानं म्हणत गेले, एकही चुकली नाही. उत्तर आलं नऊ.

मोठ्या बाईंनी स्वतःच्या हातानं फळा पुसला. "हे गणित पुन्हा घालू नका," एवढंच म्हणाल्या.

*

आणि शांता.

शांता मानोऱ्याकडची. वर्गातली सगळ्यांत हुशार. वडिलांनी सरळ सांगून टाकलं होतं, "फस्टक्लास आली तं अमरावतीले कॉलेजात धाडीन. नाही तं वैशाखात लगन." ते शब्दाचे पक्के.

ऐन परीक्षेत आई आजारी पडली, म्हणून शनिवारी शांता गावी गेली. सोमवारी इंग्रजीचा पेपर. मुलींच्या खोलीवर देखरेखीला मलाच नेमलं होतं, बाई माणसं मिळत कुठे तेव्हा! घंटा झाली, तिसऱ्या बाकावर शांता दिसली. म्हटलं, पोहोचली बाई एकदाची. मध्येच तिनं पाणी मागितलं, मी माझ्या हातानं दिलं. सही घेतली, शेवटी पेपर घेतला.

मुली घरी गेल्या. मी पेपर सोपवून बाहेर येते, तर फाटकातून शांता धावत येतेय! धुळीनं माखलेली, पायात चप्पल नाही. मागे तिचे वडील.

"अगं, परत का आलीस? काही विसरलं?"

"बाई, मोटार बिघडली वं! सकायपासून चालून राह्यलो. माहा पेपर गेला!" आणि ती रडायलाच लागली.

मी वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पोरगी सकायपासून माह्यासंगच हाय, बाई."

मी काय पाहिलं ते दोघांना सांगितलं. वडिलांनी पोरीचा हात घट्ट धरला.

मोठ्या बाई म्हणाल्या, "सही तिची, अक्षर तिचं. आपण काय सांगणार आणि कोणाला?" आम्ही गप्प बसलो. निकाल लागला. शांताला फर्स्टक्लास, आणि इंग्रजीत सगळ्यांत जास्त गुण! वडिलांनी शब्द पाळला.

अमरावतीला निघण्याआधी ती पाया पडायला आली. जाता जाता दारात थबकली.

"बाई, त्या दिवशी तुमी तिले पानी देल्लं. तवा थे काही बोल्ली का?"

बोलली होती. पोरीला ऊन लागलंय, बरळतेय, असं समजून मी लक्ष दिलं नव्हतं. सांगावं की नाही, कळेना. पण तिचा चेहरा पाहून राहवलं नाही.

"बोलली. म्हणाली, 'शांतीले सांगजा, ऊन लय हाय. धावत नोको येऊ.'"