खसखस नसलेले अनारसे

"वेदनेला सरहद्द नसते," असं आखातातल्या आमच्या करामा वस्तीतल्या शोकसभेत अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी शाल सावरली. समोर शरद खानोलकरचा फोटो होता. तो हे ऐकून हसला असता. वेदनेला नसेल, तिच्या औषधाला असते, आणि ती नेमकी कुठे लागते हे शरदइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

शरदने करामामध्ये तीस वर्षं फराळाचा धंदा केला. गावाहून येणाऱ्याला त्याचा पहिला प्रश्न प्रवास कसा झाला हा नसे. "बॅगेत खसखस नाही ना?" इथे खसखस अमली पदार्थांत मोडते, आणि दिवाळीत कुणाची तरी आई ती अनारशांना लावून पाठवतेच. शरदचे अनारसे रव्यावर थापलेले असत. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, 'खसखस नाही'. एकदा त्याने सासूबाईंनी दिलेला डबा मुंबईच्या विमानतळावरच टाकून दिला. त्या दोन वर्षं बोलल्या नाहीत. "त्या बोलत नव्हत्या, पण मी तुरुंगाबाहेर होतो," असं तो सांगायचा.

मग त्याचा कॅन्सर हाडांत उतरला. मॉर्फिनने दुखणं कमी व्हायचं, पण अन्न पोटात ठरत नसे. या अवस्थेत तो टोरांटोला मुलीकडे, मुग्धाकडे, दीड महिना राहून आला. तिथल्या डॉक्टरांनी गांजाच्या झाडापासून काढलेल्या तेलाचे थेंब लिहून दिले. व्हॉट्सअॅपवरच्या चमत्कारांवर माझा विश्वास नाही, आणि हा चमत्कार नव्हताच. गाठ होती तेवढीच राहिली. पण तो जेवू लागला, बसून पत्ते खेळू लागला... परत येताना बाटली अर्थातच तिथेच राहिली. इथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद नीट वाचला. "अंकल, अच्छा हुआ आपको आराम मिला. लेकिन यहाँ मैं ये लिख नहीं सकती."

दोन महिन्यांनी मी माझ्या मुलाकडे त्याच शहरात गेलो. निघायच्या आदल्या दिवशी मुग्धा ती बाटली आणि प्रिस्क्रिप्शन घेऊन आली. "काका, बाबा काही खात नाहीयेत. तुम्ही नेता का?" मी तिच्यासमोरच शरदला फोन लावला.

"तिथेच ठेव," तो म्हणाला.

"अरे, पण डॉक्टरांचा कागद आहे."

"लेका, सासूबाईंचा डबा मी कचऱ्यात टाकलाय. आता तुझ्या बॅगेत हे सापडलं, तर वरती त्यांना काय तोंड दाखवू?"

मी हसलो. मुग्धा हसली नाही. मला त्या क्षणी चक्क सुटल्यासारखं वाटलं, हे इथे लिहायला हवं. एखादी परवानगी रीतसर मागता येते का, एवढं विचारायचीही तसदी मी घेतली नाही. विचारलं असतं, तर कदाचित 'हो' ऐकावं लागलं असतं, आणि मग अर्ज घेऊन फिरावं लागलं असतं.

शेवटचा भेटलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. कुशीवर वळायला त्याला वहिनींचे दोन्ही हात लागत. "त्या बाटलीत किती राहिलं असेल रे?" त्याने विचारलं.

"अर्धी आहे."

"हं..." तो म्हणाला, "चहा घेऊन जा."

अध्यक्षांनी भाषणात पुढे सांगितलं, की जगभर आता या औषधाला मान्यता मिळते आहे, इथेही इन्शाल्ला दिवस बदलतील. बदलतीलही. वर्तमानपत्रांतही तसं येत असतं. इथल्याच मरीना भागातल्या एका हॉटेलात डॉक्टरांचा परिसंवाद झाला तेव्हा याच विषयावर टाळ्या पडल्या होत्या. मला ठाऊक आहे, कारण तिथले बटाटेवडे शरदचे होते.

काल वहिनींनी अनारशांचा डबा पाठवला. आता त्या एकट्याच करतात. वर शरदच्याच अक्षरातली चिठ्ठी होती. त्याने गठ्ठाभर झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत, त्या अजून पुरतायत. डब्याचा फोटो मी मुग्धाला पाठवला. तिने उत्तरादाखल फ्रिजच्या दारातल्या बाटलीचा फोटो पाठवला. लेबल स्पष्ट वाचता येतं. उघडल्यापासून तीन महिन्यांत संपवावी.