म्हातारी गेली

मास्तरांना गावाचा राग यायचा तो रोज सकाळी, दात घासायच्या आधी. कारण दात घासायच्या आधी ते मोबाइल उघडायचे आणि मोबाइल उघडला की गावाचा ग्रुप समोर यायचा. साडेआठशे माणसं त्यात होती. त्यातली निम्मी गाव सोडून वीस वर्षं झाली तरी गावातल्या गटारावर अधिकारवाणीने बोलायची, आणि उरलेली निम्मी गावात राहून सुप्रभात म्हणायची. फुलांची चित्रं, हरवलेल्या किल्ल्या, कुणाच्या तरी कुत्र्याची तक्रार. मास्तर पुटपुटत सगळं वाचून काढायचे आणि शेवटी म्हणायचे, "काय ही रिकामटेकडी जमात!" मग पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

शाळेत एकतीस वर्षं त्यांनी खेळ शिकवला. गावातली प्रत्येक फुटबॉलची मॅच त्यांच्या शिट्टीवर सुरू झाली आणि त्यांच्या शिट्टीवर संपली. लग्नाच्या भानगडीत ते पडले नाहीत. घरात दोन म्हाताऱ्या होत्या, असं ते स्वतःच सांगायचे. एक खुर्चीत आणि एक अंगणात. खुर्चीतली म्हणजे त्यांची आई, वय सत्त्याऐंशी, कानाने जरा कमी, बाकी खणखणीत. अंगणातली म्हणजे वडिलांनी घेतलेली चारचाकी, वय बेचाळीस. तिला सगळे म्हातारीच म्हणायचे. सगळे म्हणजे घरचे, गॅरेजवाला आणि जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या माणसांचा एक ग्रुप. हा मास्तरांचा दुसरा ग्रुप. तिथे चाळीसच माणसं होती, पण ती कामाचं बोलायची. कुणाला कार्बोरेटर हवाय, कुणाकडे दाराची मूठ आहे. तिथे गेलं की मास्तरांचं डोकं शांत व्हायचं.

आता खरं दुखणं सांगायचं तर ते गावाचंही नव्हतं आणि गाडीचंही नव्हतं. ते होतं थोरल्या भावाचं. नऊ वर्षांपूर्वी गावच्या ढालीची फायनल होती. मॅच संपायला दोन मिनिटं असताना थोरल्याच्या मुलाने गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला. मास्तरांनी सख्ख्या पुतण्याला लाल कार्ड दाखवलं आणि समोरच्या संघाला पेनल्टी दिली. ढाल गेली. थोरला कडेला उभा होता. चेंडू खांद्याला लागला होता, असं त्याचं म्हणणं. हाताला लागला होता, असं मास्तरांचं. त्यावरून मैदानातच जुंपली, आणि तू आहेस तोवर त्या घरात पाय ठेवणार नाही, असं सांगून थोरला निघून गेला. चार तासांच्या अंतरावर त्याचं फरशीचं दुकान होतं. ज्याच्यावरून हे रामायण झालं तो पुतण्या केव्हाच खेळ विसरून परदेशी नोकरीला लागला. पण हे दोन घोडे अडून बसले ते बसलेच.

थोरला आईला मात्र विसरला नव्हता. दर रविवारी सकाळी दहाला, मास्तर मैदानावर असताना, घरातला जुना फोन वाजायचा आणि आई अर्धा तास बोलायची. तेही सुखाने चालायचं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी रस्ता खणला आणि फोनची तार तोडली. मास्तरांनी तीन तक्रारी केल्या. तीनदा कुणीतरी येऊन खड्ड्यात डोकावून गेलं. तेव्हापासून रविवारी दहा वाजले की आई त्या मुक्या फोनकडे बघत बसायची आणि मास्तर आले की म्हणायची, "तुझ्या मोबाइलवरून त्याला लावून दे ना." मास्तर म्हणायचे लावतो. आणि लावायचे नाहीत. कारण नऊ वर्षांपूर्वी त्याच रागात त्यांनी थोरल्याचा नंबर पुसून टाकला होता. आता तो कुणाकडून मागायचा म्हणजे गावभर डंका. लावतो, लावतो म्हणत आठ रविवार गेले. आई बोलायची कमी झाली होती, ते त्यांना दिसत होतं. स्वतःचाच राग येत होता, पण तो राग ते गटारावर काढत होते.

त्याच सुमाराला म्हातारीनेही मान टाकली होती. इंजिन जाम. गॅरेजवाल्याने दोन महिने खटपट केली आणि शेवटी हात जोडले. मंगळवारी सकाळी भंगारवाल्याची माणसं आली, चौघांनी ढकलत तिला अंगणाबाहेर काढली आणि ट्रकवर चढवली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी घाम पुसल्यासारखं करून पुसलं. मग पायरीवर बसून त्यांनी गाडीवाल्या मित्रांना चार ओळी लिहिल्या:

"म्हातारी गेली. आज सकाळी साडेनऊला. बेचाळीस वर्षं साथ दिली. गेले दोन महिने जागेवरच होती. खूप उपाय केले, उपयोग झाला नाही. शेवटी चौघांनी मिळून बाहेर नेली. दोन्ही डोळे चांगले होते, तेवढे काढून ठेवले आहेत. कुणाला हवे असल्यास कळवा."

डोळे म्हणजे पुढचे दिवे. गाडीवाल्यांना ते सांगावं लागत नाही. पण चष्मा होता घरात आणि मन नव्हतं ठिकाणावर. मजकूर गेला तो गावाच्या ग्रुपवर, साडेआठशे जणांच्या पुढ्यात. मोबाइल शेवटचे आचके देत होता, तो त्यांनी आतल्या खोलीत चार्जिंगला लावला आणि भंगारवाल्याच्या कागदांवर सह्या करायला निघून गेले.

दोन तासांनी परत येतात तो दारात चपलांचा ढीग. मास्तर आत धावले तर आई खुर्चीत, आणि समोर शाळेचे नवीन मुख्याध्यापक खाली मान घालून बसलेले. त्यांनी आईला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. घरातली कुणी मावशी-आत्या असेल असं समजून ते तिचं सांत्वन करत होते. आईला वाटत होतं गृहस्थ गाडीबद्दल बोलतायत.

"फार त्रास झाला का हो शेवटी?" मुख्याध्यापक विचारत होते.

"तिला कसला त्रास, त्रास आम्हाला," आई म्हणाली. "धूर किती सोडायची!"

मुख्याध्यापकांनी हातातला रुमाल तसाच धरून मास्तरांकडे पाहिलं. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या शेजाऱ्यांना आईला जिवंत बघून हसावं की रडावं ते कळत नव्हतं. त्यांतल्या एकाने मास्तरांना बाजूला घेऊन मोबाइल दाखवला आणि मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला.

दोनशे चौदा जणांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती. आईच्या हातचं खाल्लेलं कुणाकुणाला आठवत होतं. त्यातल्या तिघांना तर मास्तर ओळखतही नव्हते. नेत्रदानाचा निर्णय घेतल्याबद्दल कुटुंबाचं जाहीर अभिनंदन झालं होतं. फक्त एकाने दबकत विचारलं होतं की डोळे असे घरी ठेवता येतात का.

मास्तरांनी मोबाइल चालू करून लिहिलं: "आई ठणठणीत आहे. म्हातारी म्हणजे आमची गाडी." याने प्रकरण मिटावं की नाही? छे! पुढच्या दहा मिनिटांत आणखी तीस श्रद्धांजल्या आल्या, कारण वर काय लिहिलंय ते वाचायची पद्धत त्या ग्रुपात नव्हती. एकाने गाडी केवढ्याला दिली ते विचारलं. एका बाईंनी वयस्कर माणसाला म्हातारी म्हणणं कसं असंस्कृतपणाचं आहे यावर निबंध लिहिला. आणि कुणीतरी, काही संबंध नसताना, त्या फायनलचा जुना फोटो टाकून खांदा की हात हा वाद पुन्हा उकरून काढला.

तेवढ्यात औषधवाला आला. गावात कुणाला शिंक आली तरी ती गावभर पोचवणारा हा माणूस. दारातूनच म्हणाला, "मास्तर, काही काळजी करू नका. तुमच्या भावाला मी कळवलंय. त्यांच्या दुकानात फोन केला, तिथल्या माणसाने निरोप दिला. दहा मिनिटांत गाडी काढून निघाले म्हणे."

आई मेली असं समजून तो एकटा गाडी चालवत येतोय. आणि चालवताना रडतोय, हेही मास्तरांना माहीत होतं, कारण थोरला लहानपणापासून रडका. त्यांनी औषधवाल्याकडून दुकानाचा नंबर घेतला आणि लावला. आई जिवंत आहे, मालकांना कळवा, असं सांगितलं, तर तिकडचा माणूस म्हणाला की मालक गाडी चालवताना फोन उचलत नाहीत, पण मी करून बघतो. आणि वर म्हणाला, "तुम्हीच करा ना त्यांना. सख्खे भाऊ तुम्ही, नंबर असेलच."

आता या परक्या माणसाला काय सांगायचं? नंबर दे, एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण औषधवाला कान टवकारून शेजारीच उभा. "आहे, आहे," असं म्हणून मास्तरांनी फोन ठेवला. ठेवल्या ठेवल्या त्यांना वाटलं, आपल्याइतका मूर्ख माणूस पंचक्रोशीत नसेल. पाच मिनिटांनी लाज गुंडाळून पुन्हा लावला, तर दुकानाचा फोन सारखा एंगेज. श्रद्धांजलीवाले तिथेही पोचले होते.

मग वाट बघण्याशिवाय काय उरलं? लोकांना त्यांनी जवळजवळ हाकलून लावलं. आईला म्हणाले, दुपारी थोरला येतोय. आईने दोनदा विचारून खात्री केली. मग साडी बदलली, केस विंचरून घेतले आणि खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायला लावली. एवढी लगबग तिने दोन महिन्यांत केली नव्हती.

अडीचच्या सुमाराला गाडी येऊन थांबली. म्हातारी जिथे उभी असायची त्या रिकाम्या जागेतून थोरला चालत आला. केस पार पांढरे झाले होते. डोळे सुजलेले. मास्तर आडवे गेले, "ऐक, आधी ऐक," म्हणाले, पण त्याने त्यांना हाताने बाजूला सारलं आणि उंबऱ्यात आला. समोर आई.

"दोन महिने फोन नाही तुझा," आई म्हणाली.

थोरला तिथेच, उंबऱ्यावर, धपकन बसला आणि लहान मुलासारखा हमसून रडायला लागला. आईला काही उमगेना. मास्तरांना तिच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं की लोकांना वाटलं तू गेलीस.

"मी?" आई म्हणाली. "मग मला विचारायचं तरी कुणीतरी."

तिने थोरल्याला जवळ बोलावलं, त्याच्या पांढऱ्या केसांतून हात फिरवला आणि फोन का बंद केलास ते विचारलं. तो म्हणाला, रिंगच जात नव्हती, मला वाटलं याने मुद्दाम काढून टाकला. हे मास्तरांच्या फार जिव्हारी लागलं. म्हणजे इतका नीच वाटलो मी तुला, असं ते बोलणार होते, पण आठ रविवार आठवले आणि तोंड मिटलं.

आई दमून आत आडवी झाली, तेव्हा दोघे अंगणात आले. जमिनीवर तेलाचा काळा डाग होता, तिथे उभे राहिले.

"चार तास गाडी चालवली," थोरला म्हणाला. "आई गेली याचं वाईट वाटत होतंच. पण सारखं एकच डोक्यात येत होतं, की हे मला एका औषधवाल्याकडून कळावं? खरंच गेली असती, तर केला असतास मला फोन?"

एकतीस वर्षं क्षणात निकाल दिलेला माणूस. त्या दिवशी त्यांना एक हो म्हणता येईना.

"नंबर नाही माझ्याकडे," मास्तर म्हणाले. "पुसून टाकला होता मी."

थोरल्याने हात पुढे केला. मास्तरांनी मोबाइल दिला. त्याने हात लांब करून, डोळे बारीक करून एकेक आकडा दाबला आणि फोन लागतो का बघायला तसाच लावला.

त्याच्या खिशात वाजायला लागलं. त्याने स्वतःचा मोबाइल बाहेर काढला, तेव्हा मास्तरांनी चष्मा नसतानाही वाचलं. भल्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'धाकटा'.

थोरल्याने फोन बंद केला.

"लागतोय," तो म्हणाला, आणि पाणी प्यायला आत गेला.