वाकड्या कपांचे साहेब

वहिनींनी मागच्या खोलीत कुंभारकामाचं विजेवरचं चाक आणलं, तेव्हा साहेबांनी त्यांना उदार मनाने परवानगी दिली. परवानगी कुणी मागितली नव्हती. पण निवृत्त झाल्यावरही ती द्यायची सवय काही सुटली नव्हती.

वहिनी म्हणजे साऱ्या गल्लीच्या वहिनी, आणि साहेब म्हणजे त्यांचे यजमान. साहेब वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. आपण दुकानात शिरलो की तराजूसुद्धा सावधानमध्ये उभा राहायचा, असं ते स्वतःच सांगत. वहिनी दातांच्या इस्पितळात कवळ्या बनवायच्या. त्या कामात केसभर चूक चालत नाही, आणि झालीच तर गिऱ्हाइकाला ती धड बोलूनही दाखवता येत नाही. नोकरी संपली, पण हात काही गप्प बसेनात. मग त्या रीतसर शिकवणीला गेल्या, चाक घेतलं, कपाटाएवढी भट्टी घेतली आणि कप करायला लागल्या.

कप असे की एकावर एक ठेवले तर मनोरा सरळ उभा राहावा. कड ओठांना लागू नये इतकी गुळगुळीत, कान तर्जनीच्या मापाचा. मैत्रिणी यायच्या, कप उलटसुलट करून बघायच्या आणि म्हणायच्या, "अगदी कारखान्यातल्यासारखा झालाय गं!" ही स्तुती आहे, असं त्या मैत्रिणींचं प्रामाणिक मत होतं.

साहेबांचा या उद्योगात सहभाग तक्रारींपुरता होता. बेसिन तुंबलं, वर्तमानपत्रावर धूळ बसली, भट्टी लावली की घरात पंखा मंद फिरतो, अशा नोंदी ते वेळोवेळी तोंडी करत. घरात पाण्याचा पेला उचलून दुसरीकडे ठेवल्याचा त्यांच्यावर कधी आरोप झाला नव्हता.

पण वहिनी बहिणीकडे राहायला गेल्या, आणि साहेबांना घर खायला उठलं. दूरदर्शन संच बिघडलेला, शेजारी गावाला गेलेले. ते मागच्या खोलीत शिरले. "त्यात काय एवढं?" असं मोठ्याने म्हणाले आणि चाकावर बसले.

वहिनी परतल्या तेव्हा फळीवर काही वस्तू वाळत होत्या. एक कप डावीकडे कललेला, जणू कुणाचं तरी चोरून ऐकतोय. दुसऱ्याचं तोंड एका बाजूला लोंबत होतं. तिसरा बुडाला इतका जाड की पेपरवेट म्हणून सहज खपला असता. छतावर माती होती. छतावर ती कशी गेली, हे साहेब आजतागायत सांगू शकलेले नाहीत.

"भाजून दे हं," साहेब म्हणाले. "भट्टीत जागा असेलच."

जागा होती म्हणून वहिनींनी भाजले. उरलेला रंगीत लेप त्यावर ओतला आणि ते कप कामाला लावले: एकात ब्रश, एकात स्पंज, एकात खिळे.

आता इथे मफलरवाल्याची एन्ट्री होते. हा माणूस शहरात कलावस्तूंचं दालन चालवायचा आणि कडक उन्हातही मफलर घालायचा. कुणीतरी वहिनींचं नाव सांगितलं म्हणून तो कप बघायला आला. वहिनींनी सगळी फळी स्वच्छ पुसून ठेवली होती. त्याने फळीवरून अशी नजर फिरवली जशी आपण दवाखान्यातल्या खुर्च्यांवरून फिरवतो. "छान. फार स्वच्छ," म्हणाला. आणि मग स्पंजच्या कपापाशी थबकला.

"हे... हे कोणाचं?"

वहिनी तोंड उघडणार, तोच साहेब दारातून म्हणाले, "माझं."

मफलरवाल्याने स्पंज काढून बाजूला ठेवला, ओला हात मफलरला पुसला आणि कप उजेडात धरला. "सर, याच्यात केवढं धाडस आहे! हा तोल बघा. पडतोय, आणि पडत नाहीये."

"ते मुद्दामच केलंय," साहेब म्हणाले.

वहिनींना हसू आलं. ते त्यांनी दाबलं, आणि तिथेच चुकलं. तेव्हाच मोठ्याने हसल्या असत्या, तर पुढचं सगळं टळलं असतं.

साहेब कलावंत झाले. सकाळचा चहा मागच्या खोलीत लागायला लागला. दाढी वाढली. खिडकीतून बाहेर बघत ते मध्येच "हं..." म्हणायचे, आणि काय झालं विचारलं तर "काही नाही, तुला नाही कळायचं," असं प्रेमाने सांगायचे. माती मळायच्या वहिनी, कारण साहेबांची पाठ दुखायची. लेप कालवायच्या वहिनी, कारण साहेबांना शिंका यायच्या. कपांना कान लावायच्याही वहिनी, कारण साहेबांनी लावलेले कान भट्टीत गळून पडायचे. चाक पुसायच्या, बादल्या धुवायच्या, भट्टी भरायच्या वहिनी. बाकी सगळं साहेब एकटे करायचे.

दालनात प्रदर्शन भरलं. भिंतीवर साहेबांचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि खाली बारीक: 'सहकार्य: पत्नी.' तुरळक जमावासमोर साहेब हात मागे बांधून म्हणाले, "मी मातीला घडवत नाही. मातीच मला घडवते."

माती घडवत असेल बापडी, वहिनींच्या मनात आलं, पण ती मळून कोण देतं?

साहेबांची धाकटी बहीण, म्हणजे वहिनींच्या नणंदबाई, ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. त्या भेटेल त्याला धरून सांगत होत्या, "दादा लहानपणापासूनच कलाकार हो. शाळेत त्याचं अक्षर मास्तरांनासुद्धा वाचता यायचं नाही." मग वहिनींकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीही करता ना काहीतरी? करत राहा हं. घरात वातावरण असलं की येतं हळूहळू."

त्या आठवड्यात घरी कुणी नसताना वहिनींनी दार लावून घेतलं आणि वाकडा कप करायला बसल्या. माती चाकाच्या मध्यावर धरायचीच नाही, असं त्यांनी ठरवलं. हाताने ऐकलं नाही. माती आपली निमूट मध्यावर आली. त्यांनी डोळे मिटले; कप गोल झाला. चिडून कडेला अंगठा दाबला, तर दुसऱ्या हाताची बोटं त्यांच्या नकळत आतून गेली आणि कड सारखी करून आली. इतक्या कवळ्या केल्या, त्या साऱ्या कवळ्या बोटांत दात रोवून बसल्या होत्या. वहिनींनी तो गोल कप तारेने कापून बादलीत टाकला, आणि त्या तिथेच स्टुलावर बसून थोडं रडल्या. मग बेसिन तुंबलंय हे लक्षात आलं आणि ते साफ करायला उठल्या.

प्रदर्शन पाहून एका नव्या हॉटेलाच्या मालकिणीने आपल्या सगळ्या टेबलांसाठी साहेबांचेच कप हवेत असं कळवलं. मफलरवाला म्हणाला, "सर, फक्त तोच तिरकेपणा सांभाळा."

साहेब रोज चाकावर बसू लागले. सकाळ, दुपार, संध्याकाळ. आणि व्हायचं तेच झालं: त्यांना जमायला लागलं.

आधी लोंबणारी तोंडं वर आली. मग जाड बुडं हलकी झाली. ज्या दिवशी एकाशेजारी एक ठेवलेले कप एका उंचीचे भरले, त्या दिवशी साहेब जेवले नाहीत. त्यांनी उपाय करून पाहिले. डाव्या हाताने केलं. उपाशीपोटी केलं. कचरा टाकण्यावरून शेजाऱ्याशी मुद्दाम भांडून आले आणि रागात केलं. भांडण छान झालं, पण कपही छान झाले.

शेवटी त्यांनी सोपा मार्ग धरला. सरळ झालेल्या प्रत्येक कपाला अंगठ्याने एकेक पोचा पाडला आणि वहिनींना म्हणाले, "बोलू नकोस कुणाला."

"मी कशाला बोलू? मी सहकार्य आहे," वहिनी म्हणाल्या.

मफलरवाला माल बघायला आला. एक कप हातात घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग हळहळून म्हणाला, "सर, हा पोचा आतून आलेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खोटा आहे. बाहेरून पाडलाय."

साहेबांनी उभ्या आयुष्यात मापाला पोचा पाडून दूध कमी घालणारे किती गवळी धरले असतील! त्याच साहेबांना त्यांच्याच घरात, त्यांच्याच स्टुलावर बसवून एका मफलरवाल्याने पोच्यावरून पकडलं. त्यांचे कान लाल झाले. गवळी निदान म्हशीचं नाव पुढे करायचे. साहेबांना तेही सुचेना.

मागणी रद्द झाली. मफलरवाला निघताना चपला घालत होता, आणि नणंदबाई त्याच वेळी आत आल्या. भावाची पडती बाजू पाहून त्यांना राहवेना. "त्यात काय एवढं?" त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या घराण्यात रक्तातूनच येत असावं. पदर खोचून त्या चाकावर बसल्या. माती उडाली, पाणी उडालं, आणि जे चाकावर उरलं त्याला नाव देणं अवघड होतं. तुडवलेल्या टोपीसारखं काहीतरी होतं ते.

मफलरवाल्याने एक चप्पल काढली. "ताई," तो भारावून म्हणाला, "तुम्ही आजवर कुठे होतात?"

"घरीच होते की," नणंदबाई म्हणाल्या.

पुढच्या प्रदर्शनाच्या जोरदार तयारीला नणंदबाई लागल्या त्या वहिनींच्याच मागच्या खोलीत. पहिल्याच दिवशी हाक आली, "वहिनी, माती मळून ठेवलीत का?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. त्या शांतपणे कपाच्या बुडाची जादा माती तासत होत्या. "जिचा कप, तिने मळायची. आणि भांडी स्वतःची स्वतः भट्टीत लावायची."

"पण मला त्यातलं काही येत नाही!"

"येत नाही म्हणूनच तर तुम्हाला बोलावलंय त्यांनी."

नणंदबाईंनी भावाकडे पाहिलं. साहेब वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. मग नणंदबाईंनी मफलरवाल्याला फोन लावला आणि तिथल्या तिथे चाक, भट्टी आणि मळायला माणूस अशी मागणी केली. त्या मागणीचं काय झालं ते वहिनींना कळलं नाही, कारण त्यांनी विचारलंच नाही.

साहेबांनी दाढी उतरवली. काही दिवस ते मागच्या खोलीकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी वहिनी आत गेल्या, तर ते चाकासमोर बसलेले. पुढ्यात एक ओला कप होता. पोचा नाही, तोल गेलेला नाही.

"बघ ना," ते पडेल आवाजात म्हणाले. "पुन्हा सरळ झाला."

वहिनी वाकल्या. कड बघितली. तारेने कप मधोमध चिरला आणि दोन्ही अर्धुकं उजेडात धरली. साहेब दचकले. कड ठीक होती. भिंत वरपासून मध्यापर्यंत एकसारखी उतरत आली होती, आणि पुढे थोडी फुगली होती.

"खाली जड आहे," वहिनी म्हणाल्या.

"कुठे?"

"इथे. बोट लावा. नुसतं बघून नाही कळायचं."

साहेबांनी बोट लावलं. बराच वेळ चाचपत राहिले. मग म्हणाले, "हो गं. आहे." आणि जरा थांबून, वर न बघता, "तू आजवर बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

त्यांनी दोन्ही अर्धुकं स्वतः उचलून बादलीत टाकली. "आता विचारतो. ते कान कसे करतेस तू? माझे गळतात."

वहिनींनी मातीचा एक गोळा काढला, ओल्या मुठीतून हळूहळू खाली ओढत त्याची पट्टी केली, वळवली आणि त्यांच्यासमोर धरली. साहेबांनी दुसरा गोळा घेतला. त्यांची पट्टी मध्येच तुटली आणि मांडीवर पडली.

"हळू," वहिनी म्हणाल्या. "कान ओढायचाय, उपटायचा नाहीये."

"पाठ दुखते गं," साहेब म्हणाले.

"दुखू दे. आधी माती नीट मळून आणा, ही कोरडी आहे."

साहेब कुरकुरत उठले, बाह्या वर केल्या आणि मातीची पिशवी कुठे असते, असं त्यांनी विचारलं.