गेर्नोटचं पहिलं वाक्य

एरफुर्ट शहरात ट्राम चालवणारा गेर्नोट हार्टलेब निवृत्त होऊन ट्राममधून उतरला, तो थेट एका शाळेत शिरला. शाळा खोटी होती. मुलांच्या वाहिनीवरच्या मालिकेसाठी शहराबाहेरच्या जुन्या गढीत उभी केलेली वसतिशाळा. तिथे तो शिपाई झाला. निळा कोट, हातात झाडू, कॅमेऱ्यापासून लांब, कायम थोडासा अंधुक.

मागे वावरणाऱ्यांना नियम एकच. ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. पुढे मुलांचे संवाद चालू असताना गेर्नोट मागे स्वयंपाकिणीशी तावातावाने भांडायचा, थंडीला शिव्या घालायचा, आणि ऐकू काही म्हणता काही येत नसे. यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मुलं मोठी होऊन मालिकेतून जात, नवी येत, शिपाई तोच.

एकच प्रश्न त्याला कुरतडायचा. हा शिपाई आहे कोण? त्याला नाव नाही, घर नाही. माणूस प्रेमळ असावा, असं त्याला वाटे. पण आवाजच ऐकला नाही, तर ठरवायचं कशावरून?

यंदा त्याला वाक्य मिळालं. मालिकेतल्या फिलिपाची नेले नावाची मैत्रीण शाळेतून पळून जाते, फिलिपा धावत फाटकाशी येऊन विचारते, आणि शिपाई सांगतो, "ती मागच्या दाराने गेली." गेर्नोटने ते मनात खूप घोळवलं, पण घरी मोठ्याने म्हणून पाहिलं नाही. ऐकायचं तर त्या कोटातच.

चित्रीकरण सुरू झालं. फिलिपा धापा टाकत आली. "नेलेला पाहिलंत?"

गेर्नोटने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलवले.

ध्वनिमुद्रक उवेने कानांवरून हेडफोन उतरवले. "माझं यंत्र बिघडलं की हा बिघडला?"

"ओठ मात्र झकास हलले," फिलिपा झालेली मुलगी म्हणाली.

सगळे हसले. गेर्नोटही हसला, त्या हसण्यालाही आवाज नव्हता.

दुसऱ्या वेळीही तेच. वाक्य घशापर्यंत यायचं आणि सवयीने ओठांवर विरून जायचं. दिग्दर्शिका हेन्रिके जवळ आली. "गेर्नोट, ऊन उतरतंय, आणि मुलांना वेळेत सोडायचंय. वाक्य गणिताच्या बाईंना देऊ का? तू नुसतं बोट दाखव."

"अजून एकदा."

"एकदाच हं."

फिलिपा कुजबुजली, "विसरतोस का रे?"

"विसरत नाही गं. हा माणूस बोलतो कसा, तेच ठाऊक नाही मला."

"मलाही नाही. चल, ऐकू या."

ती धावत आली. विचारलं.

"ती मागच्या दाराने गेली."

आवाज कोरडा होता, तुटक. प्रेमळ तर नव्हताच. बोलायचं एक आणि लपवायचं दुसरंच, अशा माणसाचा आवाज. फिलिपा एक पाऊल मागे सरकली. तसं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"झालं!" हेन्रिके ओरडली. "हेच ठेवू."

लोक सामान आवरायला लागले. गेर्नोट झाडू धरून तिथेच उभा होता.

"हेन्रिके, ते मागचं दार या शिपायानेच उघडून दिलं का?"

तिने हातातले कागद चाळले. "तसं काही लिहिलेलं नाही इथे." मग वर पाहिलं. "का रे? काय म्हणतोय तो?"