जमादारानं पसंत केलेला आवाज

चहा संपेपर्यंत हसायचं नाही, एवढं कबूल करत असाल तर सांगतो. सुमनच्या लग्नाचा विषय निघाला की आमच्याकडची माणसं आधी पोट धरून हसतात आणि मग मलाच म्हणतात, सांग बरं, काय झालं होतं. काय झालं होतं ते सगळ्यांना पाठ आहे. तरी माझ्याच तोंडून ऐकायचं असतं. याला माणुसकी म्हणायची का?

तर आधी एक गोष्ट पक्की करू. त्या मांडवात मेंढरं मी बोलावली नव्हती. माझ्यामुळे आली, हे मान्य. पण बोलावली नव्हती. फरक आहे की नाही?

खेड्यापाड्यांत कॉम्प्युटर नुकते दिसायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. आमचं गाव वारंगा फाट्यापासून आत. घरी एकशे चाळीस मेंढरं. आबा आणि माझा थोरला भाऊ, दादा, दिवसभर त्यांच्यामागे रानात. मी धाकटा. बारावी झालेला, पेटी वाजवणारा आणि मेंढरांमागे जाणार नाही अशी शपथ घेतलेला. नांदेडहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला होता, तो मेंढरांच्या वाड्याला लागून असलेल्या खोलीत ठेवला. मध्ये कुडाची भिंत. मी इकडे बटण दाबलं की तिकडे मेंढरू शिंकायचं, इतकं जवळ.

फाट्यावर गणपतराव मास्तरांचा बँड होता. लग्नसराईत त्यांची तारीख मिळायची नाही. त्यांना वाटायला लागलं होतं की नुसत्या सनई-ढोलावर आता भागत नाही, गाडीवर एक कॉम्प्युटरवाला पाहिजे. मी त्यांच्याकडे जाऊन बसलो. माझ्या चुलत बहिणीच्या, सुमनच्या लग्नाला त्यांचाच बँड ठरला होता.

मास्तर म्हणाले, "परण्या निघल तवा वाजव तुझं ते. लोकायचे पाय हाल्ले, तर म्होरल्या हंगामापासून तू माझा माणूस."

परण्या म्हणजे आमच्याकडे लग्न लागायच्या आधी निघणारी नवरदेवाची मिरवणूक. मी हो म्हणून घरी आलो. आबांना सांगितलं. आबा विडी विझवत म्हणाले, "अन् न्हाई हाल्ले तर?"

"हालतील."

"न्हाई हाल्ले तर दुसऱ्या दिशी काठी घ्यायची अन् मेंढरामागं यायचं. कबूल?"

कबूल म्हणालो. दुसरं काय म्हणणार? माझा अख्खा जन्म त्या एका मिरवणुकीवर येऊन बसला.

आता वाजवायचं कशानं, हा प्रश्न. हिंगोलीला कॉम्प्युटरच्या दुकानात माझा वर्गमित्र रफिक होता. त्यानं एका सीडीवर पाच सॉफ्टवेअर सिंथेसायझर भरून दिले. तुम्हाला म्हणून सांगतो, सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसलेली पेटी. भाता नाही, लाकूड नाही. पडद्यावर बटणांचं चित्र असतं, ती फिरवून हवा तसा आवाज घडवायचा. जगात नसलेला आवाजसुद्धा निघतो.

रफिक म्हणाला, "पाच दिये है. लेकिन तेरे डब्बे में एकच चलेगा. दोन लावले की बंद पडतो. एक पसंत कर, बाकीचे काढून टाक."

म्हणजे पाचांतला एक निवडायचा. सोपं वाटतं ना? मग करून बघा. पहिल्याचा आवाज काचेच्या बांगड्या एकमेकींवर वाजाव्यात तसा, नाजूक. दुसऱ्यावर इतकी बटणं की सकाळपासून फिरवत बसलं तरी अर्धी राहायची. तिसरा कशालाही हात लावला तरी मुलगी सासरी निघाल्यासारखा रडायचा. मी मास्तरांना बोलावून तेवढे तीन ऐकवले. त्यांनी पहिल्याला मान हलवली. "ह्यो बरा हाय. ह्योच ठेव."

ऐकायला नको होतं का मी? होतं. पण मला वाटलं, या माणसाचा जन्म ढोलाच्या शेजारी गेला, याला काय कळणार. आणि तेवढ्यात मला आबांची घंटा आठवली.

ही घंटेची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. आमच्या घरी मेंढराच्या गळ्यातली घंटा माणूस निवडत नाही. आबा कळपाच्या म्होरक्या एडक्याला जवळा बाजारच्या आठवडी बाजारात सोबत घेऊन जातात. दुकानदार एकेक घंटा वाजवतो. ज्या घंटेला एडका कान वळवील, ती घ्यायची. बाकी पितळ कितीही चकाकू दे. कळप बसवायची जागासुद्धा आबा अशीच ठरवतात. मेंढरं बसली तर बसायचं, नाहीतर पुढं. विचारलं तर एकच उत्तर, "मेंढराला कळतं."

मग मी म्हटलं, घंटा निवडता येते तर सिंथेसायझर का नाही? भिंतीपलीकडे एकशे चाळीस परीक्षक बसलेले. लाच घेणार नाहीत, तोंडदेखलं बोलणार नाहीत. आमच्या म्होरक्याचं नाव जमादार. शिंगं दोन वेढ्यांची, नजर तहसीलदारासारखी. ठरवलं, जमादार कान वळवील तो आवाज ठेवायचा.

तेव्हा भारनियमन होतं. आमच्या गावाला वीज सकाळी यायची. मेंढरं रानात जायच्या आधी मी भिंतीतल्या झरोक्यात स्पीकर ठेवून एकेक आवाज वाजवायचो. पहिला वाजवला. जमादार रवंथ करत बसलेला. दुसरा वाजवला. रवंथ. तिसऱ्याला त्यानं माझ्याकडे पाठ केली. चौथ्याला तर आख्खा कळप शेपट्या हलवत लेंड्या टाकून मोकळा झाला. चारही काढून टाकले. हो, मास्तरांना आवडलेलासुद्धा.

पाचवा लावणार, तर विजेचं वेळापत्रक बदललं. सकाळची वीज संध्याकाळवर गेली. मला काय फरक पडणार होता? मेंढरं रानातून आली, दिवे लागले, मी पाचवा चालू केला आणि एक लांब सूर सोडला. खालून वर चढत जाणारा, शिट्टी आणि शिंग यांच्या मधला.

जमादारानं कान वळवले.

पहिल्या दिवशी नुसते कान. तिसऱ्या दिवशी तो उठून उभा राहिला. आठवड्यात अशी अवस्था झाली की मी सूर सोडायचा अवकाश, एकशे चाळीस माना एकदम वर. बें बें करत सगळी भिंतीशी गोळा. माझ्या अंगावर काटा आला. मोठमोठ्या गवयांच्या नशिबी असे श्रोते नसतात. लग्नाला तीन आठवडे होते, मी रोज दिवे लागले की त्याच सुरानं रियाज सुरू करायचो आणि रोज ती धावत यायची. मास्तरांना फाट्यावर जाऊन सांगितलं, तुमचा तो बांगड्यांचा आवाज काढून टाकला, यातलं तुम्हाला कळत नाही. असं बोललो मी. तोंडावर.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. वऱ्हाडाच्या गडबडीत आबांनी मेंढरं लवकर आणून वाड्यात कोंडली होती. मांडव वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. मारुतीच्या देवळापासून परण्या निघाली. घोड्यावर नवरदेव, पुढे बँड, बँडच्या गाडीवर जनरेटरच्या विजेवर माझा कॉम्प्युटर आणि मास्तरांचे ते दोन कर्णे, जे फाट्यावर वाजले की आमच्या गावात ऐकू यायचे.

आधी ढोलाचा ठेका धरला. त्यावर हलकेच सूर घातले. आणि काय सांगू, लोकांचे पाय हलले. नवरदेवाचे मामा, ज्यांना मी जन्मात हसताना पाहिलं नव्हतं, ते रुमाल फिरवत नाचायला लागले. मास्तरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. बाजूला आबा उभे होते, त्यांनीसुद्धा बघितलं. मी मनात म्हटलं, गेली काठी. सुटलो.

मांडवाच्या तोंडाशी आलो, दिवस मावळत होता, मांडवातले दिवे लागले आणि मी माझा हुकमाचा एक्का काढला. तो लांब सूर. कर्ण्यातून. पूर्ण आवाजात.

पहिल्यांदा घंटा ऐकू आली. मला वाटलं, देवळातली असेल. मग वाड्याच्या बाजूनं काट्याकुट्याचा कडकड आवाज आला. कुंपण गेलं. धुरळा उठला आणि धुरळ्यातून सगळ्यात पुढं जमादार, मागं एकशे एकोणचाळीस. सरळ माझ्या गाडीकडे.

घोडा उधळला. नवरदेव घोड्यावरून मांडवाच्या खांबावर गेला आणि तिथंच राहिला. मामांच्या दोन पायांतून कोकरू गेलं. बायका ताटं घेऊन पळायला लागल्या. लोक माझ्याकडे हात करून ओरडत होते, "बंद कर ते, बंद कर."

आता मला सांगा, मी काय समजायचं? मेंढरं बिथरली आहेत आणि त्यांना शांत करणारा जगात एकच आवाज आहे, तो माझ्या हातात आहे. तीन आठवडे बघत आलो होतो, हा सूर लागला की ती भिंतीशी येऊन गप उभी राहतात. मी बंद करीन? मी आवाज वाढवला.

मग जी काही रेटारेटी झाली, ती सांगायला नको. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या असतात, हळद-कुंकवात रंगवलेल्या. दोन मोठ्या पराती भरून ठेवल्या होत्या. जमादार गाडीला दोन फेऱ्या मारून, काही मिळेना म्हणून परातीकडे वळला. बाकीची त्याच्या मागे. माणसं हाकलत होती, मेंढरं हलत नव्हती. मी वाजवत होतो.

गर्दीतून वाट काढत वहिनी आल्या. म्हणजे दादाची बायको. नऊवारीचा ओचा हातात, घामाघूम. गाडीचा कठडा धरून म्हणाल्या, "भाऊजी, ते बंद करा आधी. त्यायला वाटून राहिलं मी भरडा आणला."

"कसला भरडा?"

"ज्वारीचा. दिवे लागले की रोज टाकते न्हाई का मी? अंधारात दिसत न्हाई म्हणून लाईट आल्यावर टाकते. तुमी वाजवलं की त्यायला कळतं, आला भरडा."

मी कॉम्प्युटर बंद केला. "तीन हप्ते? तीन हप्ते तुमी बघून राहिल्या, अन् मला सांगितलं काहून न्हाई?"

वहिनी उलट माझ्यावरच चिडल्या. "मला काय ठावं? मला वाटलं, माझा घसा बसतो म्हणून तुमी माझ्यासाठी वाजवून राहिले. तुमच्या आईला म्हणलं बी मी, भाऊजी लई गुणाचे, मेंढरं बोलावू लागतात."

आवाज थांबला तशी मेंढरं पांगली. अक्षता परातीत उरल्या नव्हत्या. शेजारच्या घरातून ज्वारी आणून, घाईघाईत हळद चोळून लग्न लावलं. सुमन मंगलाष्टकं चालू असताना पडद्याआडून माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर मला अजून दिवाळीला भेटते.

मास्तर कर्णे उतरवत होते. मी जवळ गेलो. म्हटलं, "मास्तर, पाय तर हाल्ले लोकायचे."

"हाल्ले ना," मास्तर म्हणाले. "पळायला." मग कर्णा खाली ठेवून म्हणाले, "तो बांगड्यावाला हाय का अजून?"

नव्हता. मीच काढून टाकला होता ना. माझी सीडी घासून खराब झालेली, आणि रफिककडेही तो उरला नव्हता. मास्तरांनी पुढच्या हंगामाला वसमतचा एक पोरगा ठेवला. तो म्हणे तसलाच आवाज वाजवतो, बांगड्यांसारखा.

मी काठी घेतली. शब्द दिला होता, घेतली. पण आतून माझा संताप जाईना. मला एवढंच सिद्ध करायचं होतं की भरडा हे निमित्त होतं, आवाज त्यांना खरोखर आवडला होता. शेवटी इतक्या दिवसांत कान तयार झाले असतील की नाही? वहिनींना म्हटलं, चार दिवस भरडा सकाळी टाका, संध्याकाळी मी नुसतं वाजवतो.

पहिल्या संध्याकाळी सगळी आली. मी वहिनींकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी निम्मी आली. तिसऱ्या दिवशी एकटा जमादार. तो झरोक्यापाशी आला, स्पीकर हुंगला, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि परत जाऊन आपल्या जागेवर बसला. चौथ्या दिवशी मी तो सूर जीव ओतून वाजवला. तसा आजवर कधी वाजला नव्हता, खरं सांगतो. जमादार रवंथ करत राहिला.

आबा दारात उभे राहून बघत होते. मी कॉम्प्युटर बंद करेपर्यंत थांबले. मग विडी पेटवून म्हणाले, "म्हणलं न्हवतं का तुला? मेंढराला कळतं."