दिगंबरला जे सांगायचं होतं

शालिनीवहिनींचा फोन सकाळी साडेसातला आला. ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून मी नुकताच आत आलो होतो, हातमोजेही काढले नव्हते. "भाऊजी, गेले हो हे," एवढंच त्या म्हणाल्या. धक्का बसला असं म्हणणं खोटं ठरेल. बारा दिवसांपूर्वी दिगंबरला स्ट्रोक आला होता, उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. तो जाणार हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. तरी ग्वेल्फहून एटोबिकोपर्यंत गाडी चालवताना मी स्वतःशी मोठमोठ्यानं बोलत होतो, हे मला एक्झिट चुकल्यावर कळलं.

आमची ओळख चाळीस वर्षांची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एटोबिकोत एअरपोर्टजवळच्या एका अपार्टमेंटमध्ये आम्ही दोघं एकत्र राहायचो. दोघंही या देशात नवे, दोघांनाही स्वयंपाकाचा गंध नाही. तो नागपूरचा मेकॅनिकल इंजिनिअर, मी पुण्याचा. पहिल्या हिवाळ्यात खिडकीपाशी उभा राहून तो म्हणाला होता, "आमच्याकडे ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात. याच्यावर काय ठेवायचं बे?" थंडीचं आणि त्याचं कधीच जमलं नाही. न विचारता सल्ला देणं हा माझा जुना रोग आणि तो निमूटपणे ऐकणं हा त्याचा स्वभाव. नोकरी कुठली घ्यावी, घर कुठे बघावं, सगळं त्यानं मला विचारून केलं. त्याचं बरंही झालं. म्हणून माझी सवय सुटली नाही.

लग्नानंतर बारा वर्षांनी दिगंबर आणि शालिनीवहिनींना केतकी झाली. ही मुलगी तिसरीत असताना शाळेच्या ट्रिपला गेली, पायात स्की चढवली आणि उतारावरून खाली आली ती दुसऱ्याच कुणाची मुलगी होऊन. पुढची दहा वर्षं दर शनिवारी पहाटे दिगंबर तिला डोंगरावर न्यायचा आणि थर्मासमधला चहा पीत काचेआड बसायचा. स्वतः त्यानं कधी स्की पायात घातली नाही. पण स्कीच्या कडांना धार लावणं, तळाला मेण लावणं हे त्यानं बाकीच्या बापांकडे बघून बघून उचललं. वर्कबेंच बेसमेंटमध्ये. मेण पसरायला इस्त्री लागते, ती त्यानं वहिनींचीच घेतली, आणि मग एका संक्रांतीला त्यांच्या काळ्या चंद्रकळेवर मेणाचा हा मोठा डाग! वहिनी आठवडाभर बोलल्या नाहीत. धार लागली की नाही हे तो अंगठ्याचं नख कडेवरून ओढून बघायचा, आणि त्यामुळे हिवाळाभर त्याची नखं कुरतडल्यासारखी असायची. टीममधली मुलं तिला 'केट' म्हणायची. एका कोचनं तिच्या स्कीवरून बोट फिरवून "तुझा टेक्निशियन कोण?" असं विचारलं, हे तो मला निदान वीस वेळा तरी सांगत आला.

अठराव्या वर्षी तिच्या डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. ऑपरेशन, कुबड्या, नऊ महिने व्यायाम. ती परत उभी राहिली, प्रॉव्हिन्सच्या टीममध्ये आली, आणि दोन हिवाळ्यांनी उजवा गुडघा तसाच गेला. पुन्हा तेच सगळं. मंडळाच्या गणपतीत लोक प्रसाद घेता घेता दिगंबरला सांगायचे की आता पुरे, मुलीच्या जातीला पाय लागतात. मीही सांगितलं, आणि केतकीच्या समोरच सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "काका, आय ॲम नॉट डन." व्हँकुव्हर ऑलिंपिकला दोन वर्षं उरली होती आणि तिला नॅशनल टीममध्ये जागा हवी होती, बाकी काही नाही. दिगंबर म्हणाला, "ती म्हणते ना, मग ती करेल." तोंडानं असं म्हणायचा, पण त्या वर्षी त्याचं वजन पंधरा पौंडांनी उतरलं.

निवडीची शर्यत क्यूबेकमध्ये होती. लांबचा पल्ला, म्हणून सोबत मी गेलो. आदल्या संध्याकाळी मोटेलच्या खोलीत मी टीव्हीवर हॉकी बघत होतो आणि तो तिच्या स्की तयार करत होता. बूट ज्यात अडकतो त्याला बाइंडिंग म्हणतात. त्यावर आकडे असतात. आकडा जास्त तर बूट घट्ट, पडलं तरी स्की लवकर सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. आकडा कमी केला तर स्की पटकन सुटते. दिगंबर तिथे बराच वेळ वाकून बसला होता, एवढंच मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या वळणावर, ती उभीच असताना, वेगात असताना, तिची एक स्की पायातून निघाली. केतकी कडेच्या जाळीत जाऊन आदळली, त्याचं मी वर्णन करणार नाही. नडगी दोन ठिकाणी मोडली, गुडघा तर गेलाच. हॉस्पिटलच्या पार्किंग लॉटमध्ये दिगंबर गाडीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या हातानं झालं हे. काल एक आकडा सैल केला मी. पडली तर पाय सुटावा म्हणून… पडायच्या आधीच सुटलं बे ते." आणि तो दरवाजाकडे चालायला लागला. "तिला सांगून येतो." मी त्याची बाही धरली. "डोकं फिरलंय का तुझं? पोरीचं सगळं आत्ता संपलंय, आणि तू हे सांगणार? जन्मात तोंड बघणार नाही तुझं." तो उभा राहिला. मग म्हणाला, "बरं. तू म्हणतो तर राहू दे." वहिनींनाही सांगायचं नाही असं आमचं ठरलं, म्हणजे मी ठरवलं.

केतकी पुन्हा शर्यतीत उतरली नाही. ती व्हँकुव्हरला गेली, फिजिओथेरपी शिकली, तिथेच राहिली. ख्रिसमसला दोन दिवस यायची. बापलेकीचं बोलणं विंटर टायर्स, हवा आणि फ्लाइटची वेळ, इतकंच. ऑलिंपिक आलं तेव्हा दिगंबरनं बेसमेंटमधल्या टीव्हीचा आवाज बंद करून बायकांच्या शर्यती पाहिल्या. मी शेजारी होतो. "बघ, निभावलं की नाही?" मी त्याला म्हणालो. आज हे वाक्य लिहिताना मला माझी लाज वाटते. तो नुसता पडद्याकडे बघत राहिला.

स्ट्रोकनंतर केतकी पहिल्या विमानानं आली. तो तिच्याकडे बघून "मी… मी…" एवढंच म्हणायचा. पुढचं येतच नव्हतं. ती त्याचा हात धरून बसायची, "टेक युअर टाइम, बाबा, मी कुठे जात नाहीये." वहिनींना वाटायचं, पाणी मागताहेत. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा असायचो. त्याला काय म्हणायचंय हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं आणि ते वाक्य मी पुरं करू शकत होतो. नर्स आहे, वहिनी आहेत, नंतर बघू… असे बारा दिवस गेले.

अंत्यसंस्कारानंतर चौथ्या दिवशी दुपारी केतकीनं मला बेसमेंटमध्ये बोलावलं. स्की द्यायच्या होत्या कुणाला तरी. भिंतीवरून तिनं एक जोडी उतरवली आणि बेंचवर ठेवली. "ही त्या दिवसाची. कोचनं स्नोमधून उचलली तेव्हाच बाइंडिंगचा नंबर पाहिला. त्यानं मला विचारलं, मी म्हटलं, मीच सेट केलाय." तिनं बाइंडिंगवर बोट ठेवलं. "बाकी सगळे रेसच्या आधी आपले बाइंडिंग चेक करतात, काका. मी कधीच नाही केले. बाबानं केलंय ना, मग कशाला चेक करायचं?"

"मग तू त्याला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर ती इन्क्वायरी झाली असती. बाबा हॅड टु कम टु मी. मी वेट करत होते. दर ख्रिसमसला वाटायचं, या वेळी सांगेल. त्यानं लूज केलं त्याचा मला कधी राग नव्हता. आय न्यू व्हाय ही डिड इट. पण चार वर्षं त्यानं मला एकदाही…" मग म्हणाली, "आय गेस त्याला सांगावंसं वाटलंच नाही."

त्या क्षणी बोलायचं होतं. मी स्कीचा पट्टा हातात घेतला आणि उगीच गुंडाळत बसलो. सत्तरीच्या घरातल्या माणसाला एका मुलीची इतकी भीती वाटू शकते हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिची फ्लाइट होती. एअरपोर्टवर ती म्हणाली, "आई सांगत होती, तुम्ही बाबावर पेपरमध्ये लिहिताय. मला मराठी वाचता येत नाही, पण आई फोनवर वाचून दाखवणार आहे."

तेव्हापासून पाच आठवडे मी हा लेख लिहितोय. दिगंबरचे किस्से माझ्याकडे पोत्यानं आहेत, ते लिहून कागद पाठवून देणं सोपं होतं, आणि तसा एक लेख मी लिहिलाही होता. तो फाडला. शालिनीवहिनी, हे सगळं तुम्हाला असं वाचताना कळतंय, त्याबद्दल माझ्यावर जेवढं रागवायचं तेवढं रागवा. पण आत्ता फोन ठेवू नका. वर हॉस्पिटलच्या पार्किंग लॉटचं जे आहे, ते तुम्ही कदाचित घाईघाईनं वाचून पुढे गेला असाल. मागे जा. तो दरवाजाकडे निघाला होता, आणि त्याला मी धरलं, तेवढं केतकीला पुन्हा एकदा वाचून दाखवा.