नाव घातलेलं पातेलं

नोकरी गेल्यापासून माझा नवरा अनिकेत जेवणाच्या टेबलाशी बसून मुलाखतीचा सराव करतो. वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली हाफ पँट. मी मेथी निवडता निवडता मोबाइलवरचे प्रश्न वाचून दाखवते.

"कुणाचीच जबाबदारी नसलेलं, नीट उमगतही नसलेलं काम तुम्ही कधी अंगावर घेतलंत का?"

तो ताठ बसतो. जुन्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकून पडणाऱ्या ऑर्डरींची गोष्ट सांगतो. त्या का अडकतात ते कुणाला कळेना; त्याची टीम दिवसभर हातानं सोडवत बसायची. यानं आपणहून मुळाशी जाऊन दुरुस्ती केली. ऐकून ऐकून गोष्ट आता मलाही पाठ झालीय.

मेथी ज्या पातेल्यात पडते त्यावर आईचं नाव कोरलेलं आहे. नाव घातलेलं भांडं लग्नकार्यात कुठंही गेलं तरी घरी परत येतं. मुलाखती घेणाऱ्या या कंपन्या असल्या कामाला 'ओनरशिप', म्हणजे मालकीची भावना, म्हणतात तेव्हा मला हे पातेलं दिसतं. दुसऱ्याचं भांडं आपलं समजून घासा, एवढंच त्यांचं म्हणणं. नाव मात्र घालायचं नाही.

"मग त्यातून निष्पन्न काय झालं?" मी शेवटचा प्रश्न वाचते.

"ऑर्डरी अडकायच्या थांबल्या." तो शर्टाचं वरचं बटण काढतो. "मग त्या सोडवायला माणसं लागेनात. सगळ्या टीमला काढलं, मलासुद्धा. हे मुलाखतीत कसं सांगायचं, सांग ना?"

मेथी केव्हाच निवडून झालेली असते. मी नुसत्या काड्या चिवडत बसते.